गुडघा

लोक विचारतात, बुरुलचा, घोडी बोलते कशी?
बोलत नाही हो.
नारिनच्या खिंडीतून उतरताना
धुक्यात अडून बसली.
मी टाच मारली, शिव्या घातल्या, तिच्या आईवरून.
मग माझाच डावा गुडघा ठणकायला लागला.
पडले नव्हते, आपटले नव्हते.
उतरून पाहिलं:
तिच्या डाव्या खुरात खडा,
जर्दाळूच्या बीएवढा.
काढला. दोघींचं थांबलं.

पुढे अकरा हिवाळे
तिची तहान मला लागायची,
लांडगा आला की माझी मान ताठ.

धाकट्याच्या लग्नाला पाहुणे दोनशे.
म्हातारी झालीय, म्हणाले. नेली.
मी समोवारापाशी पेले विसळत होते.
पेला निसटला नाही, काही नाही.
फक्त गुडघा
नुसता
गुडघा झाला.