चाळीस, पस्तीस, पंचवीस

मे संपता संपता हवामान खात्यातून कागद येतो.
दोन पानं, इंग्रजी, तळाला गोल शिक्का.
जून ते ऑगस्ट, डोंगराळ जिल्हे:
सरासरीपेक्षा जास्त थंडी, चाळीस टक्के.
सरासरीइतकी, पस्तीस.
सरासरीहून कमी, पंचवीस.
सहाच्या बातम्यांआधी
मला याचं सेसोथो करायचं असतं.

थंडीला आमच्याकडे हवे तेवढे शब्द आहेत.
टक्क्यांना एक उसना,
बंद झालेल्या नाण्यासारखा,
मासेरूत खपतो, वर मालोटीत कुणी हातात घेत नाही.
आणि सरासरी?
‘नेहमीसारखी’ असं लिहिते, मग खोडते.
कुणाच्या नेहमीसारखी?
इथे नेहमीसारखी म्हणजे
दहा वाजेपर्यंत नळ मुका.
वर, त्सेलिसोच्या ठाण्यावर,
कुत्रा उठतो तेव्हा त्याच्या आकाराची
कोरडी जागा उरते पांढऱ्या अंगणात.

त्सेलिसो माझा धाकटा भाऊ. एकोणीस संपलं.
राखायला त्रेसष्ट मेंढ्या, त्यातल्या आमच्या अकरा.
वर्षाची मजुरी बारा मेंढ्या,
म्हणजे या हिवाळ्यातून निघाला
तर आमच्या तेवीस होतील.
गेल्या वर्षी मी रेडिओवर म्हणाले होते,
‘दहा हिवाळे धरा, त्यातले चार कडक.’
मला वाटलं, छान जमलं.
तो खाली आला तेव्हा पापाचा घास थांबवून हसला:
‘अगं, बर्फ पडला तर दहाच्या दहा जातात.
नाही पडला तर एकही नाही.
चार मेंढ्या मरताना
मी अजून पाहिल्या नाहीत.’

ज्या वर्षी शिक्क्याने उबदार म्हटलं होतं
त्या वर्षी मोपेलीच्या दोन पोरांनी
आधी गोवऱ्या जाळल्या, मग स्टूल,
मग दार,
मग दाराची चौकट.
पोरं वाचली.
कागद चुकला नव्हता, खात्यातला माणूस म्हणाला,
पंचवीस टक्के शेवटी
पंचवीस टक्के असतातच.
हे मी मोपेलीच्या बायकोला सांगितलं नाही.

यंदा गवताची अडचण आहे.
गावालगतचं कुरण मोरेनाने राखून ठेवलंय,
दहा जूनला उघडणार.
आधी उतरलं तर दंड, मेंढीमागे.
वर राहिलं तर चाळीस टक्के.
मी मोरेनाला फोन लावला,
बहीण म्हणून नाही, रेडिओ म्हणून,
पण त्याने आवाज ओळखलाच.
बराच वेळ खोकला. मग म्हणाला,
‘तुझ्या भावासाठी मी कुंपण काढलं तर
उद्या सगळ्यांचे भाऊ येतील.
रेडिओने सांगितलं तर गोष्ट वेगळी.
नीट सांग. स्पष्ट.
टक्के नकोत.’

पावणेसहा.
न्ताते माफेरेका काचेपलीकडून घड्याळ दाखवतात.
कागदावर शेवटचं वाक्य आहे:
‘मेंढपाळांनी दक्ष राहावे.’
दक्ष.
तो रात्री दोनदा उठून मेंढ्या मोजतो,
बोटं बगलेत धरून, ओठांनी.
आणखी किती दक्ष?

‘उतरा’ म्हटलं आणि ऊन पडलं
तर खालचं गवत जुलैतच संपेल,
आणि पुढच्या मेमध्ये
माझं कुणी ऐकणार नाही.
‘उतरा’ म्हटलं नाही
तर.

मी तिन्ही आकडे वाचले, आहेत तसे, उसन्या शब्दासकट.
मग कागदावर नसलेली एक ओळ.
माफेरेकांनी मान वर केली,
बटणाकडे गेलेला हात
बटणावरच राहिला.

वर तीन ठाण्यांत मिळून एक रेडिओ आहे.
त्याच्या बॅटऱ्या सकाळी उन्हात ठेवतात,
संध्याकाळी काखेत.
सहाला तो चालू होता की नाही,
कुणाच्या पाळीत होता,
कळायला चार दिवस लागतात,
माणूस चालत येतो तितके.

आज दुसरा.
मासेरूत पत्र्यावर काहीतरी टकटकतंय.
गारठ्याने पत्रा आखडतो, तो आवाज असेल.
मी उठून पाहिलेलं नाही.