दुसरं वाचन

मॉनिटर मागच्या दिवाळीत गेला.
तपकीर गल्लीत शाकीरनं डबा उघडून पाहिला, म्हणाला,
ताई, डोळे गेलेत, डोकं शाबूत आहे.
तेव्हापासून तो धायरीच्या फ्लॅटमध्ये, शिवणयंत्राखाली,
पडद्यावाचून बसलेला असतो
आणि मी फोनवरून त्याच्याशी बोलते:
काळी पाटी, लुकलुकती दांडी,
आधी दोन आडव्या रेघा, मग शब्द.
एकच रेघ पडली तर ऐकत नाही.
मला ते आवडतं.
एकतीस वर्षं मुद्रितं तपासली मी,
रेघेची किंमत मला कुणी सांगू नये.

काय चाललंय, विचारते.
काम चालू, म्हणतो. त्रेसष्ट टक्के. अकरा तास बाकी.

कुठल्याशा प्रथिनाची घडी कशी पडते ते मोजतोय,
कुठल्याशा प्रयोगशाळेसाठी, फुकट.
भाच्यानं, ओजसनं, परदेशी जाताना बसवून दिलं.
मला प्रथिन कळत नाही. घडी कळते.
सदाशिव पेठेत, छापखान्याच्या माडीवर,
सोळा पानी फर्म्याला तीन घड्या घातल्या की
उलटीसुलटी पानं आपोआप रांगेला लागायची;
एक घडी चुकली
की सातव्या पानानंतर थेट दहावं.
आजार म्हणजे असंच काहीतरी असणार.
ओजसला सांगितलं तर हसला,
चूक आहे असं म्हणाला नाही.

बिल महिन्याला पावणेदोनशेनं वाढतं.
हे विचारतात, मिळतं काय?
गुण.
कसले?
नुसतेच गुण.
तुझे गुण, म्हणाले, आणि पेपर वर धरला.

गुरुवारी लाईट जाते.
तो वाक्याच्या मध्येच विझतो.
आली की उठतो आणि शेवटची खूण केली होती
तिथून पुढे सुरू,
मी चहाला उठण्याआधी पानाच्या कडेला
पेन्सिलीचं टिंब करून ठेवायचे, तसा.

ओजसनं एक गोष्ट मात्र उशिरा सांगितली.
प्रत्येक तुकडा दोघांना देतात.
दुसरा कोण, कुठला, कळत नाही.
दोघांचं जुळलं तरच धरतात.

म्हणजे रणपिसे बाई.
हस्तलिखित त्या वाचणार, मोठ्यानं,
स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद,
आणि मुद्रितावर माझं बोट.

मार्चमध्ये एक तुकडा जुळला नाही.
चार दिवस नुसतं: निर्णय बाकी.
मग तिसऱ्या यंत्राला बोलावलं त्यांनी,
आणि तिसऱ्यानं दुसऱ्याच्या बाजूनं कौल दिला.
आमचं चुकलं होतं.
एक्क्याण्णव अंश तापला होता बिचारा.
पंख्यात सुताचे तंतू, माझ्याच शिवणाचे,
जुन्या टूथब्रशनं काढले.

तेव्हा ती अर्पणपत्रिका आठवली.
लेखकाच्या आईचं नाव. हस्तलिखितात अनसूया.
मी उकार घातला.
बाई म्हणाल्या, राहू द्या, आहे तसंच बरोबर आहे.
मी म्हटलं, सगळे अनुसूयाच म्हणतात,
आणि सही करून फर्मा खाली पाठवला.
अकराशे प्रती.
माडीवर तिसरं कुणी नव्हतं.

रात्री घरी कोश उघडला. मग मिटला.
बाईंनी तो विषय कधी काढला नाही.
फक्त पुढे कुठल्याही पुस्तकात ते नाव आलं
की एकेक अक्षर सुटं करून वाचायच्या:
अ. न. सू. या.
आणि माझं बोट निमूट पुढे सरकायचं.

आज पहाटे उठून विचारलं.
दोन रेघा, शब्द.
शंभर टक्के, म्हणाला. पाठवलं.
दुसऱ्याचं यायचंय.