दोर

पुंता अरेनासमध्ये वसंत म्हणजे फुलं नव्हेत,
वारा.
नगरपालिकेची माणसं चौकाच्या कोपऱ्यांवर
खांबाखांबांना दोर बांधून जातात
आणि लोक तो धरून रस्ता ओलांडतात :
बँकेचे मॅनेजर, शाळेची पोरं, कोळंबी विकणारी बाई,
सगळे सारखेच वाकलेले.

ओतिलिया मान्सिया रोज धरते.
एका हातात दोर, दुसऱ्या हातात पिशवी.
छत्री इथं कुणी बाळगत नाही.
दोर वाऱ्याला अडवत नाही
हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

पाणीपट्टीचं ऑफिस, खिडकी क्रमांक तीन.
सव्वानऊला दोन रुपेर्तो बिल काचेवर आपटतात :
"एकटा माणूस मी! एवढं पाणी काय देवमासा प्यायला?"
मागची रांग हसते.
ओतिलियाच्या जिभेवर उत्तर तयार,
बावीस वर्षांच्या नोकरीवर परजलेलं.

तेवढ्यात तिला दिसतो स्वतःचाच अंगठा,
शिक्क्याच्या मुठीवर पांढरा पडलेला.
मग जबडा. दातांवर दात.
मग कान, गरम,
बाहेरून येऊन एकदम शेगडीपाशी बसावं तसे.
आमच्या भाषेत तळपायाची आग मस्तकाला जाते.
ती तळपाय शोधते.
ते गारच आहेत.
डाव्या मोज्याला भोक आहे.

एवढंच. एक श्वास, फार तर दीड.

गेल्या वर्षी रक्तदाब वाढला तेव्हा
दवाखान्यातल्या नर्सनं कार्ड दिलं होतं :
थांबा. श्वास घ्या. पाहा.
ओतिलिया फिस्सकन हसली होती.
"श्वास तर मी एकोणपन्नास वर्षं घेतेय, बाई, फुकट."
कार्ड फ्रिजवर आहे, चुंबकाखाली,
विजेच्या बिलामागे.

"मीटर शेवटचा कुणी पाहिला?" ती विचारते.
आवाज तिच्या फारसा ओळखीचा नाही.
दोन रुपेर्तो ओरडतच राहतात,
खरं सांगायचं तर आणखी जोरात.
ती अर्ज पुढे सरकवते, पेन देते,
सही कुठं करायची तिथं बोट ठेवते
आणि बोट ठेवता ठेवता पाहते :
त्यांचा हात थरथरतोय,
बाहीचं बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलंय.
हे आधीही असणार, काचेपलीकडे.
ते आभार न मानता जातात. दार आपटतं.
वाऱ्यानं आपटलं,
निदान आज ती तसं धरून चालते.

संध्याकाळी मात्र हुकतं.
नेल्सनचा निरोप : बाबांना या महिन्यातही तूच ठेव.
यास्नाच्या हातून दूध सांडतं
आणि वड्याचं तेल वांग्यावर,
ओतिलिया सगळं पोरीवर काढते,
भावाचं, देवमाशाचं, मोज्याच्या भोकाचंसुद्धा.
मध्येच, वाक्य अर्धं तोंडात असताना,
तिला आपला आवाज ऐकू येतो
शेजारच्या घरातून यावा तसा.

आता?
सुरू झालेलं वाक्य सोडणं फार अवघड,
त्यातून ते चांगलं जुळून आलं असेल तर.
ती सोडते.
वाक्य स्वयंपाकघरात लोंबकळत राहतं
क्रियापदाविना.

ती फडकं घेऊन खाली बसते.
यास्ना अजून घुश्शात आहे. असू दे.
तो तिचा राग, तिला तिचा वेळ लागेल.
बाबा आतून विचारतात, "कोण आलंय?"
"वारा," यास्ना म्हणते.
कुणीच हसत नाही.

पण फडकं दुधानं जड झालंय,
एकीच्या हातानं पिळत नाही.
पोरगी वाकते,
न बोलता दुसरं टोक धरते.