चार मिनिटं

रावपुऱ्यात, होमिओपॅथीच्या दुकानावर माझी खोली.
दोन खुर्च्या समोरासमोर, टिश्यूचा डबा,
आणि भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे.
मुद्दामच.

निषाद फणसे पहिल्यांदा आला तो दारातच थांबला.
"ती ट्यूबलाइट ओरडतेय."
मला काहीच ऐकू येत नव्हतं.
अकरा वर्षं तिच्याखाली बसून
लोकांचं ऐकत आले होते मी.

बंद केली. मग विचारलं, नेहमीसारखी मान जरा तिरकी करून,
कसं वाटतंय?
"कुठे? गुडघ्यात, की आज सकाळी, की एकूण?"
वहीत लिहिलं: टाळाटाळ.
रात्री खिचडीची शिट्टी मोजता मोजता उठले,
वही काढली, खोडलं.
त्याने तर प्रश्न हातात घेऊन उलटसुलट पाहिला होता.
टाळला मी होता, विचारतानाच.

तिसऱ्या भेटीला खुर्च्या खिडकीकडे फिरवल्या.
समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते,
खालून कुणी ओरडतं, "मोटर बंध करो!"
त्या पाण्याकडे बघत त्याने वडिलांचं सांगितलं.
एकोणीस मिनिटं, तारखांसकट,
आवाज कुठे वर नाही, खाली नाही.
टिश्यूचा डबा सरकवायला हात निघालाच होता;
मांडीखाली दाबून धरला.

"समजू शकते मी," एवढंच म्हणून गेले.
"कोणता भाग?"

खरंच, कोणता?
शोधत बसले. एकच सापडला:
सयाजी हॉस्पिटलच्या जिन्यातला फिनेलचा वास.
तेवढाच सांगितला.
"हं. तो बरोबर आहे."
माझ्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं आहेत,
त्यांतलं एकही असं बोललेलं नाही.

दिवाळीनंतर त्याच्या आग्रहावरून काळ्या घोड्याच्या पुलावर गेलो,
विश्वामित्रीतल्या मगरी मोजायला.
ओंडक्यासारख्या पडलेल्या, नुसते डोळे वर.
मला त्यावरून काहीतरी सुचत होतं, बऱ्यापैकी खोल,
तोंडही उघडलं होतं.
"आठ," तो म्हणाला.
मिटलं.

परवा उठता उठता म्हणाला,
"पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं.
ती चार मिनिटं तुम्ही ठेवता कुठे?"

जिना उतरणाऱ्या पाठी आठवल्या.
एक बाई तर रुमालाची घडीही पुरी न करता उठली होती.

स्टुलावर चढले. काटा मागे घेतला.
त्याने मनगटावर पाहिलं.
"अजून वीस सेकंद."