दोन खाती

बाप मिशनात प्रचारक होता. गेला तेव्हा
पत्र्याच्या पेटीत निघाली एक जपमाळ,
वैजापूरच्या दुकानाची फिटलेली उधारी
आणि पुठ्ठ्यावरचा हा राजा.
संत फर्दिनांद. राज्यकर्त्यांचा कैवारी.

खाली बापाचं तिरकं अक्षर :
कैद्यांचा पण.

दोन्ही एकाकडंच कामून, लहानपणी विचारलं होतं.
बाप म्हणाला,
बाई, खाती शेजारशेजारची असतात.

आता सरपंच मी. आरक्षण चिठ्ठीत निघालं,
चिठ्ठीमागून मी.
ग्रामसेवक बोट ठेवतो, मी सही करते :
सिसिलिया शांतवन त्रिभुवन.
रकान्यात मावत नाही.
राजाला खणात ठेवलंय, टँकरच्या वहीखाली.

त्याच्या हातात तलवार आहे.
ती कुणावर चालली, ते बापानं सांगितलं नाही.
मी मागाहून वाचलं.
तेव्हापासून जिलानी खेपांची सही घ्यायला आला
की खण गुडघ्यानं लोटते.
एकदा दिसलाच त्याला.
"तुमचेवाले राजे का?"
हाव, म्हणाले.
"पाणी किती आणलं ह्यांनी?"

तीस मे, राजाचा सण.
फादर गावाला गेलेले. मेणबत्ती मीच लावली,
पेटायच्या आधीच उन्हानं वाकलेली.
मग ऑफिस. खेप आली एक,
वहीत दोन. वरून तसंच ठरलंय.
बोट आलं, सही झाली.

बाप सांगायचा, हा राजा फौजेला भ्याला नाही.
भ्यायचा फक्त
एखाद्या गरीब म्हातारीच्या शापाला.

दुपारी मथाबाई आली.
रिकामा हंडा टेबलावर ठेवला, थेट वहीवर.
मी मान खाली घालून वाट पाहिली.
शाप नाही दिला तिनं. म्हणाली,
"माय, जराक सावलीला राहू दे. लई तापलाय."
आणि दारात टेकली, पदरानं वारा घेत.

हंडा उचलताना बोटं भाजली.
वही उघडली. दोनवर रेघ ओढली, एक लिहिलं.
खाडाखोडीला सही लागते.
केली, पूर्ण नाव.
गेलं रकान्याबाहेर, जाऊ दे.

जिलानी दारातून बघत होता.
"मॅडम, आता?"
खणातल्याला विचारते, म्हणाले,
माझा अर्ज त्याच्या
कोणत्या खात्यात जातो ते.