सोडे

भाच्यानं पनवेलहून साइट करून पाठवली तेव्हा
पहिल्या पानावर सूर्यास्त होता,
आपोआप वाजणारं गाणं होतं,
मासळी कुठंच नव्हती.
नकाशावरची टाचणी तर पद्मदुर्गाच्या अलीकडं, भर पाण्यात.
सासू म्हणाली, ऱ्हाऊ दे. मासली तिथंच हाय.

तीन वर्षं आम्हाला कुणी शोधून काढलं नाही.
'सोडे' लिहिलं की वर यायचा
खायचा सोडा, धुण्याचा सोडा, बाटलीतला सोडा,
आणि कुठल्या कुठं, पाचव्या पानाच्या तळाशी
चांगुणा सुकी मासळी, एकदरा.
तिथवर कोण उतरतं?
मुरूडच्या बाजारातसुद्धा
कोपऱ्यात बसणारीची पाटी
भरलेलीच घरी येते.

मामी, शब्द पेरायचा, भाचा म्हणाला,
सोडे सोडे सोडे, चाळीस वेळा.
सासूनं ऐकून घेतलं.
वराडणारीची मासली शिळी असते, म्हणाली.

मग महिनाभर मी तिच्या पाटीमागं बसले, वही घेऊन.
ती विकायची, मी गिऱ्हाइकांचं बोलणं उतरवायचे.
किती वेळ भिजवायचे गं?
वाळू कचकचेल का?
यष्टीत वास सुटेल?
एका बाईनं विचारलं, हे असतात तरी कशाचे?
सासूनं सांगितलं तसंच लिहिलं:
कोलबी सोलायची, धुवायची,
खडखडीत उन्हात घालायची,
आणि कावळ्यांवर नजर ठेवायची.

तेच साइटवर चढवलं.
सूर्यास्त काढला, गाणं बंद केलं.
फोटोंना नुसते आकडे होते, त्यांना नावं दिली.
इतके हलके केले की धक्क्यावर
एका दांडीच्या रेंजमध्येही पान उघडावं.
टाचणी पाण्यातून उचलून दारात आणली,
माड आणि टाकीच्या मधे.

दिवाळीनंतर दुसऱ्या पानावर आलो.
शिमग्याला पहिल्या. वरून आठवे.
भुसावळहून अर्ध्या किलोची ऑर्डर आली,
पैसे आधी.

आता महिन्याला यादी येते,
कोण काय टाइप करून आमच्या दारात आलं त्याची.
मी वाचते, सासू लसूण सोलते.
सोडे भाव.
वांग्यात घालतात ती सुकी कोलंबी.
सोड्याची खिचडी कशी करतात.
एकदरा पूल मोठी गाडी जाते का.
नवरा दारू सोडेना काय करू.

थांब, म्हणाली. परत वाच.

नवरा दारू सोडेना काय करू. अकरा वेळा.
सोडे ना दारू उपाय. चार.

भाचा म्हणाला, चुकून येतात गं त्या,
दोन सेकंद थांबतात, मागं फिरतात,
त्यानं आपला नंबर घसरतो.
असल्यांना वाटच ठेवायची नाही. बघतो मी.

सासऱ्यांची होडी मी कधी पाहिली नाही.
मी लग्न होऊन आले तेव्हा
दारात फक्त तिचा नांगर होता.
त्यावर आम्ही पायपुसणी वाळत घालतो.

सासूनं लसूण खाली ठेवला.
बाय येऊन पाटीशी बसली,
मासली नको म्हनाली,
तं तिला उठवशील?

भावाच्या तक्त्याखाली आता
बारीक अक्षरात एक ओळ आहे. भाच्याला पसंत नाही.
बाय, ज्याच्यासाठी आलीस ते इथं मिळत नाय.
पन दुपारी तीननंतर मी घरीच असते.
पुढं सासूचा नंबर.

आम्ही अकराव्यावर घसरलो आहोत.

परवा फोन वाजला.
ती तो घेऊन अंगणात गेली,
उन्हात घातलेल्या सोड्यांपाशी,
आणि बराच वेळ बोलली काहीच नाही.
एका हातानं कावळे हाकत
नुसती ऐकत होती.