उरुसातली लोकर

लोकर घ्यायची ती उरूस उठताना.
थंडी ओसरलेली असते,
लोकरवाल्याला परतीची गाडी धरायची असते,
भाव पडतो.
आईचा हिशेब सरळ होता:
परभणीत थंडी दीड महिना,
तिची तयारी करायला साडेदहा.
"थंडी काय सांगून येती का?"
असं म्हणत, बंद पडलेल्या आकाशपाळण्याखालून
शेवाळी रंगाच्या आठ लड्या घेऊन ती आली.
स्वेटर उमाकांतचा. त्या साली तो नववीत.

पुढचा भाग उन्हाळ्यातला.
चैत्र लागला की बोटं घामेजायची,
सुई निसटायची,
ती तळहाताला पावडर चोळून बसायची.
बाबा जिंतूरच्या गाडीवरून यायचे,
तिच्या मांडीवरची लोकर बघून
लांब, उंबऱ्यात बसायचे.
"नुसतं बघून उकडायलंय."
नळ आठ दिवसांनी, तोही रात्री दोनला.
ओळ अर्धी टाकून ती उठायची.
त्या जागा मला अजून दाखवता येतात:
एक टाका सैल,
त्याला लागून दुसरा, करकचून आवळलेला,
दोघांच्या मधे बारा घागरी.

पाठ श्रावणातली.
सुमेधा काविळीनं पडली होती,
डोळे हळदीचे, नखं हळदीची.
सरकारी दवाखान्यात कॉटच्या पायथ्याशी
आईनं अकरा रात्रीत सगळी पाठ विणली.
एक टाका चुकलेला नाही.
इतकी एकसारखी आहे ती
की हात लावायला भीती वाटते.

भादव्यात बाबांच्या पेटीत अकरा रुपये कमी भरले.
निलंबन. खाकी कपडे खुंटीला.
चौथ्या दिवशी आईनं काही न बोलता
उरलेली लडी त्यांच्या दोन्ही मनगटांत अडकवली.
बेड्या घातल्यासारखे बसले माझे बाबा,
हात पुढं करून,
आणि आई गुंडा करत राहिली.
मग तेच टाके मोजायला लागले,
गाडीत माणसं मोजावीत तसे,
डोकी धरून, मोठ्यानं.
डाव्या बाहीत चार टाके जास्त आहेत.
कोण फुकट चढलं, कळलं नाही.

दसऱ्याला अंगाला लावून बघितला
तर उमाकांतचं मनगट वीतभर बाहेर.
आई त्याच्याकडं अशी बघत राहिली
जसं काही त्यानं मुद्दाम केलंय.
बाजारात तो शेवाळी रंग नव्हता.
माझी कानटोपी उसवली तिनं, डाळिंबी,
आणि त्याच्या बाह्या पुऱ्या केल्या.
शाळेत पोरं त्याला सिग्नल म्हणायची.
माझे कान त्या हिवाळ्यात उघडे.
हे मी त्याला अजून ऐकवते.

येळवसेला मावशीच्या शेतात
त्यानं तो पहिल्यांदा आपणहून घातला.
गार वाऱ्यानं ज्वारी आडवी होत होती,
आंबिलाचा तांब्या हातात धरवत नव्हता.
नंतर तो स्वेटर माझ्याकडं आला, मग सुमेधाकडं,
मग ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात.
उमाकांत आता मस्कतला.
डिसेंबरात फोन करतो, मागं पंखा ऐकू येतो.

यंदा मे महिन्यात मी तो उसवायला काढला.
लोकर चांगली आहे अजून,
माझ्या पोरीचं जाकीट होईल.
गळा सुटला. दिवाळी सुटली.
बाह्या सुटल्या सरसर,
ते चार टाकेही उतरले गुमान.
पाठीशी आले आणि हात थांबला.
आई पलंगावरून म्हणाली,
"उसव की. मला काय तेवढंच येत होतं का?"
मोतीबिंदूचा डोळा माझ्याकडं नव्हता,
बरोबर लोकरीकडं होता.

मी दोरा ओढला.
वेडावाकडा, कुरळा होऊन आला तो,
त्याला लडीत धरायला माणूस लागतं.
बाबा पेपर वाचत होते.
त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला,
चष्मा काढला,
आणि कुणी न सांगता
दोन्ही हात पुढं केले.